ह्यूबर्टनं न जाळलेलं लोढणं

ड्रुसिला कीपिंग दुकानातून आणलेली साखर घरच्या काट्यावर पुन्हा तोलायची. पाद्र्यानं प्रवचनात बायबलमधला दाखला दिला की घरी येऊन तो उघडून बघायची. रेडिओवर तर तिचा दातच होता. उद्या ऊन पडणार असं रेडिओनं सांगितलं की ती वाळत घातलेले कॉड मासे आत घ्यायची. आणि बऱ्याचदा खरंच पाऊस यायचा, हे आम्हा शेजाऱ्यांचं दुर्दैव, कारण मग आठवडाभर तेच ऐकावं लागायचं.

मी तिची समोरची शेजारीण, ऑलिव्ह. माझ्या नवऱ्याला समुद्रानं नेलं आणि माझ्यासाठी एक खडखडणारी पिकअप तेवढी मागे राहिली. ड्रुसिला माझी मैत्रीण. तरी माझ्याकडून अंडी घेतली की ती एकेक अंडं उजेडात धरून बघायची. मला राग यायचा. एकदा म्हटलं, "अगं, कोंबडी माझी आहे, मी नाही घातली अंडी." ती म्हणाली, "कोंबडीवर माझा विश्वास आहे."

आमच्या अख्ख्या गॅनेट बाइट गावात एकाच माणसाचा शब्द ती तोलत नसे. तो म्हणजे तिचा नवरा ह्यूबर्ट. तसा तो कुणीच तोलत नसे. चर्चची किल्ली त्याच्या खिशात असायची, रविवारी दानाचं ताट तोच फिरवायचा. होड्यांवरून भांडण झालं तर दोन्ही बाजू त्याच्याकडे यायच्या. सरळ माणूस, जरा जास्तच सरळ. जो येईल त्याचं ऐकायचा. ड्रुसिलाचं म्हणणं असं, की देवानं दोघांच्या वाटणीचा संशय एकटीला दिला आणि दोघांच्या वाटणीचा भोळेपणा एकट्याला.

त्यांच्या गोठ्यात ब्लॉसम होती. आमच्याकडची तट्टं बुटकी, जाड मानेची, केसाळ पायांची. उन्हाळ्यात ब्लॉसम जांभळट तपकिरी दिसायची आणि थंडीत राखेच्या रंगाची होऊन जायची. ड्रुसिलाच्या बापानं लग्नात तिला एक घोडी दिली होती, ब्लॉसम तिची नात. डाव्या कानाला दोन खाचा, ही बापाच्या घराची खूण. हिवाळ्यात ती रानातून लाकडं ओढायची, वसंतात समुद्राचं शेवाळ आणि कॅपलिन मासे खताला बटाट्याच्या वाफ्यांत नेऊन टाकायची, आणि उन्हाळा लागला की सगळ्या गावाची तट्टं वरच्या माळरानावर मोकळी सुटायची. सोडताना मात्र प्रत्येकाच्या गळ्यात लाकडी लोढणं अडकवायचं. नाहीतर ही जात एवढी आगाऊ, की कुंपणातून मान घालून अख्खं बटाट्याचं वावर फस्त करेल. पहिला बर्फ पडला की ती आपली आपण खाली यायची आणि आपापल्या फाटकाशी उभी राहायची. कुणी आणायला जात नसे.

मग गावपंचायत बसली आणि ठरलं, की पुढच्या उन्हाळ्यापासून जनावर मोकळं सोडायचं नाही. पाळायचं तर कुंपण घालून पाळा. आता या खडकात खांब कुठं रोवणार? आणि तरण्या पोरांना तशीही बर्फावरच्या फटफट्यांची चटक लागली होती. अशा वेळी ड्वायर नावाचा दलाल ट्रक घेऊन आला. बोलण्यात नुसती साखर. म्हणे समुद्रापलीकडच्या मोठ्या मुलखात लहान मुलांसाठी घोड्यावर बसायची शाळा निघालीये, तिथं तुमची तट्टं सुखात राहतील, रोज मुलं गाजरं भरवतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. एकेक तट्टू ट्रकात चढू लागलं.

ड्रुसिला आमच्या फाटकाशी हाताची घडी घालून उभी होती. मला म्हणाली, "ऑलिव्ह, तू बघितलंस? त्यानं एकाही तट्टाचे दात बघितले नाहीत."

"मग?"

"जो दात बघत नाही तो बसायला घेत नाही. तो नुसत्या मांड्या चाचपतोय."

म्हणजे खाटकासाठी, हे मला कळलं. तिनं ते गावभर सांगितलं, पण ऐकतो कोण? साखर तोलणारी बाई ती. सेल्बी ड्रेक तर तोंडावर म्हणाला, "ड्रुसी, तुला स्वर्गात घेतलं तरी तू आधी देवाचे दात बघशील." सगळे हसले. ह्यूबर्टही हसला. ड्वायर त्यांच्या दाराशी आला तेव्हा तिनं त्याला उंबऱ्याबाहेरच उभा ठेवला, चहासुद्धा विचारला नाही. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही.

त्या वर्षी पहिला बर्फ पडला आणि उरलीसुरली तट्टं खाली आली. ब्लॉसम आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ह्यूबर्ट शोधायला वर गेला आणि गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून परत आला. खुर्चीत बसला, टोपी काढली आणि म्हणाला, "दलदलीत गेली गं. काठावर खुरांच्या खुणा आहेत, पुढे काही नाही."

ड्रुसिला रडली. मी तिला चाळीस वर्षं ओळखते, नवऱ्याच्या आजारपणात नाही, पोटच्या मुलीला पुरताना नाही, पण घोडीसाठी ती ॲप्रन तोंडाशी धरून हुंदके देऊन रडली. आणि तिनं त्याला एक प्रश्न विचारला नाही. त्यानं सांगितलं म्हणजे झालं.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. कारण तसं क्षुल्लक होतं. ह्यूबर्ट भांडी घासायला लागला होता. न सांगता घासायचा, आणि घासून झाल्यावर फडकं पिळून वाळतसुद्धा घालायचा. आमच्या गावचा पुरुष होडी घासेल, इंजिन घासेल, पण बायकोच्या भांड्यांना हात लावत नाही. शिवाय कुणीही विचारलं की तो दलदलीची हकिगत सांगायचा, आणि दर वेळी अक्षरशः तीच. काठावर खुरांच्या खुणा आहेत, पुढे काही नाही. खरं सांगणारा माणूस एखादी गोष्ट विसरतो, एखादी नवी आठवते. ह्याचं पाठ केलेल्या प्रार्थनेसारखं चालायचं. पण बोलू कशी? चर्चच्या किल्लीवाल्यावर संशय घ्यायचा, तोही त्याच्या बायकोपाशी?

शेवटी तीच बोलली. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसून चरबीत तळलेल्या कणकेच्या टिकल्या काकवी लावून खात होतो. ती एकदम म्हणाली, "ह्यूबर्ट मला दलदलीकडे जाऊ देत नाही."

"बर्फ आहे, घसरशील म्हणून."

"मी त्या दलदलीत लहानपणापासून लाल बेऱ्या वेचतेय. तो काय मला घसरायला शिकवणार?" तिनं टिकली खाली ठेवली. "आणि मला म्हणाला, लोढण्यासकट गेली, लोढण्याच्या वजनानं मान वर काढता आली नाही. ऑलिव्ह, मी विचारलं नव्हतं. त्यानं आपण होऊन सांगितलं."

त्या क्षणी तिचा चेहरा एवढा पडला, की काहीतरी बोलून तिची समजूत काढावी असं फार वाटलं. पण थाप मारायची तर ती ड्रुसिलाला मारायची होती.

आठवडाभरात हेरिंग मासळी खारवायला घेतली. पिंप माळ्यावर होतं, समुद्राकाठच्या मासळीच्या खोपटात. ते खाली घ्यायला आम्ही दोघी शिडीनं वर चढलो. पिंपामागं जुनं शीड गुंडाळून ठेवलं होतं. ते नीट घडी घातलेलं नव्हतं आणि ह्यूबर्टच्या घरात शीड नेहमी घडी घातलेलं असतं. ड्रुसिलानं ते ओढलं.

आत लोढणं होतं. तिच्या बापानं केलेलं, लार्चच्या झाडाच्या आपोआप वाकलेल्या मुळाचं, आतल्या बाजूला घोडीच्या मानेनं घासून काचेसारखं गुळगुळीत झालेलं.

मी म्हटलं, "देवा रे, हे जाळायचं तरी होतं मेल्यानं."

"तो कसा जाळेल?" ड्रुसिला म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी साधा होता. "असं वाकलेलं मूळ जन्मात एकदा मिळतं."

खरं होतं ते. आमच्याकडे पुरुष रानात जातात तेव्हा अर्धं लक्ष लाकडाच्या वाकणाकडे असतं. होडीच्या फासळ्या, बर्फावर ओढायच्या स्लेजची टोकं, लोढणी, सगळं वाकलेल्या झाडांतून निघतं. चांगलं वाकण दिसलं की माणूस ते झाड वर्षानुवर्षं ध्यानात ठेवतो. बायकोशी खोटं बोलणं ह्यूबर्टला जमलं, पण चांगलं लोढणं चुलीत घालणं त्याच्या हातून होईना. कुठलाही बाहेरचा चोर ते पहिल्या रात्रीच जाळून मोकळा झाला असता.

ह्यूबर्ट जेवायला आला. ड्रुसिलानं वाटाण्याचं सूप वाढलं. मी उठू लागले तर म्हणाली, "बस तू." मग नवऱ्याला विचारलं, "ह्यूबर्ट, लोढणं कुठंय?"

"सांगितलं ना, घोडीबरोबर गेलं."

"नक्की?"

"ड्रुसी, माझ्यावरसुद्धा?" असं म्हणून तो माझ्याकडे बघून हसला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच हसू असावं.

तिनं बाकाखालून लोढणं काढलं आणि सुपाच्या ताटलीशेजारी ठेवलं. त्यानं चमचा खाली ठेवला. मग सगळं बाहेर पडलं. पाठ धरली होती, हिवाळाभर घोडीमागं चालवत नव्हतं. कुंपण घालायची ताकद नव्हती. ड्वायरनं घोडीच्या बदल्यात एक जुनी फटफटी कबूल केली होती, ती अजून आलेली नव्हती. "आणि मुलांची शाळा आहे गं ती. गाजरं भरवतात. तुला सांगितलं असतं तर तू दारातसुद्धा उभं केलं नसतंस त्याला."

"नव्हतंच केलं," ती म्हणाली. "पण मला काय ठाऊक, तो खिडकीतून आला म्हणून." मग माझ्याकडे वळली. "ऑलिव्ह, तुझी गाडी चालू होते का?"

ड्वायर सगळ्या खाडीतली तट्टं गोळा करून रेल्वेच्या गावी कोंडून ठेवतो आणि डबा भरला की पाठवतो, असं आम्ही ऐकून होतो. डबा गेला असेल की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. वाटेत मी पेट्रोल भरलं तेव्हा ती खाली उतरून पंपावरचा काटा बघून आली.

स्टेशनामागं फळ्या ठोकून वाडा केला होता. आत तट्टं खांद्याला खांदा लावून बर्फात उभी. गवताची काडी नाही. शाळेला जाणाऱ्या जनावराला कुणी उपाशी ठेवतं का? ब्लॉसम मागच्या कोपऱ्यात होती, राखेच्या रंगाची, डाव्या कानाला दोन खाचा. तिनं आम्हाला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. भुकेनं तिला तेवढंही त्राण नव्हतं. सेल्बी ड्रेकचं पांढऱ्या कपाळाचं तट्टूही होतं. त्यानं मात्र माझ्या कोटाचा खिसा हुंगला.

ड्वायर कपात चहा ढवळत बाहेर आला. "मावशी, अहो घोडी विकलीये तुमच्या नवऱ्यानं. हातावर हात मारून सौदा झालाय."

"फटफटी दिलीस?"

"देणार ना. सौदा तो सौदा."

ड्रुसिलानं फाटकाला पाठ लावली आणि ओरडायला सुरुवात केली. तिचा आवाज धुक्यातल्या भोंग्याला लाजवेल असा. स्टेशनातली माणसं जमली आणि कुणीतरी पोलिसाला घेऊन आलं. पोलीस म्हणजे मोठ्या मुलखातून आलेला कोवळा पोरगा, नाक थंडीनं लाल झालेलं. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, मला एवढंच सांगा. घोडी तुमची की घरची?"

"माझी. माझ्या बापाकडची. कान बघ."

"मग नवऱ्यानं तुम्हाला विचारून विकली?"

"नाही."

"मग ती चोरी होते. चोरीच्या मालाचा सौदा टिकत नाही, घोडी तुम्ही न्या. पण मला तसं स्पष्ट सांगावं लागेल, आणि मी तुमच्या गावी येऊन त्यालाही विचारणार. घरची घोडी होती, दोघांचा हक्क होता, असं तो म्हणाला तर सौदा पक्का. मग ही परत इथं येईल."

ड्वायर खुशीत आला. "सांगा मावशी. ह्यूबर्ट कीपिंग चोर आहे म्हणून सांगा. अख्खी खाडी ओळखते त्याला."

तिनं घोडीकडे बघितलं, मग जमलेल्या लोकांकडे. त्यातले निम्मे ह्यूबर्टला नावानं ओळखणारे होते. मला वाटलं, आता ही मागे फिरणार. माणसाचं नाव एकदा गेलं की गेलं, आणि आमच्यासारख्या गावात नावाखेरीज माणसाकडे असतं काय?

"हो," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं माझी घोडी चोरली. बाळा, फाटक उघड."

ब्लॉसमला आम्ही पिकअपमध्ये चढवलं. सेल्बीचं तट्टू फळ्यांमधून बघत होतं. ते रीतसर विकलेलं, त्याला आम्ही काही करू शकत नव्हतो. मी गाडी सुरू केली आणि आरशात बघितलं नाही. अजूनही आठवलं की मला वाईट वाटतं, आणि सेल्बीचा राग येतो, आणि गाजरांची गोष्ट रचणाऱ्या त्या ड्वायरला तर मी हातानं समुद्रात ढकलला असता.

ह्यूबर्ट रस्त्यावरच उभा होता. घोडीला बघून त्यानं टोपी काढली. ड्रुसिला खाली उतरली आणि म्हणाली, "तुला चोर म्हणून आलेय. पोलीस येणारे विचारायला. तू नाही म्हणालास तर ती परत जाईल."

"चोर?" तो म्हणाला. "ड्रुसी, चर्चची किल्ली आहे गं माझ्याकडे."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि घोडीला गवत घालायला गेली.

पोलीस आला तेव्हा अर्धं गाव त्यांच्या स्वयंपाकघरात होतं. आमच्याकडे दार वाजवायची पद्धत नाही, जो तो सरळ आत येतो, आणि त्या दिवशी प्रत्येकालाच काहीतरी मागायला यायचं होतं. कुणाला मीठ, कुणाला सुतळी. सेल्बी तर रिकाम्या हातानं येऊन भिंतीशी टेकून उभा राहिला. पोलिसानं विचारलं, "कीपिंग, घोडी कुणाची?"

ह्यूबर्टनं आधी चुलीत एक लाकूड सारलं. त्यानं नुसतं एवढं म्हटलं तरी पुरे होतं, आमच्या घरची. खोटंही नव्हतं ते फारसं. कुणी त्याला नावं ठेवली नसती, उलट बायकोलाच वेडी म्हणाले असते. मी खरं सांगते, मला वाटलं तो तेच म्हणेल. ड्रुसिलालाही तसंच वाटत असावं, कारण ती गोठ्यात उघडणाऱ्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. पोलिसाला घोडी न्यायची तर तिला बाजूला सारून न्यावी लागली असती.

"घोडी तिची," ह्यूबर्ट म्हणाला. त्याची मान खाली होती. "मी तिला न विचारता नेली आणि वर खोटं बोललो. त्याला चोरी म्हणत असतील तर चोरी."

सेल्बीनं तोंड फिरवलं. पोलिसानं ड्रुसिलाला विचारलं, खटला करायचाय का. ती म्हणाली, "घोडी मिळाली. बाकी माझं मी बघून घेईन." पोरगा हसला, चहा प्यायला आणि गेला. फटफटी कधी आलीच नाही.

त्या रविवारी ह्यूबर्टनं प्रार्थनेआधीच किल्ली पाद्र्याच्या हातात दिली. पाद्री 'अरे, असं कशाला' म्हणाला, पण किल्ली खिशात टाकलीच. दानाचं ताट सेल्बीकडे गेलं. ह्यूबर्ट आयुष्यात पहिल्यांदा मागच्या बाकावर बसला, ड्रुसिला त्याच्या शेजारी, ताठ, आणि मी मधल्या वाटेपलीकडच्या बाकावर. सगळ्यांच्या माना वळत होत्या. सेल्बी ताट घेऊन एकेक रांग करत आला, आणि त्यांच्या बाकाशी पोचला तेव्हा त्यानं ते ह्यूबर्टच्या पुढून हात लांब करून थेट ड्रुसिलापुढे धरलं. मुद्दाम केलं की आपोआप झालं, देव जाणे. पण सगळ्यांनी बघितलं. ह्यूबर्ट आपल्या बुटांकडे बघत होता.

ड्रुसिलानं ताट सेल्बीच्या हातातून काढून घेतलं आणि ह्यूबर्टच्या मांडीवर ठेवलं.

"धर," ती म्हणाली, चर्चभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आणि पुढं दे. मी बघतेय."

त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं. नाणी वाजत होती. मग त्यानं ते माझ्याकडे दिलं.